महंतांची थंड खोली

जिदहफ्समधल्या त्या फ्लॅटला एकच बेडरूम होती आणि तिच्यात बिअर राहायची. नवरा-बायको हॉलमध्ये झोपत. बहारीनमध्ये उन्हाळ्यात माणसाला एसी लागतो हे सगळ्यांनाच मान्य आहे. बाटल्यांना तो माणसांच्या आधी लागतो, हे मान्य असलेला माणूस मी एकच पाहिला. खोलीच्या खिडकीवर जाड काळा पडदा होता. कपाटाचे दरवाजे काढून त्याच्या फळ्यांवर बाटल्या ओळीनं उभ्या केलेल्या होत्या. भिंतीवर आमच्या प्रयोगशाळेतून बाद झालेला थर्मामीटर टांगलेला होता आणि तो सोळाच्या वर गेला की गृहस्थ भरल्या ताटावरून उठत. काकूंच्या साड्या मात्र हॉलमधल्या लोखंडी रॅकवर, चादरीखाली.

"माझ्या सवतीला थंड हवा लागते हो," काकू नव्या पाहुण्यांना सांगायच्या, आणि पाहुणे पुरेसे दचकले की मग दार उघडून दाखवायच्या.

हे गृहस्थ माझे साहेब. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात ते प्रयोगशाळेचे प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली केमिस्ट. तोंडावर मी त्यांना सर म्हणत असे आणि पाठीमागे, बहारीनमधल्या यच्चयावत मराठी माणसांप्रमाणे, महंत. हे नाव त्यांना इथल्या मराठी मंडळातल्या एका व्याख्यानानं मिळवून दिलं. विषय ठरला होता 'पाणी वाचवा'. महंतांनी पहिल्या पाच मिनिटांत पाणी वाचवून टाकलं आणि उरलेला वेळ ते बेल्जियममधल्या ट्रॅपिस्ट साधूंवर बोलले. हे साधू पहाटे उठतात, कामापुरतं बोलतात, स्वतःच्या कष्टांवर जगतात आणि मठाच्या भिंतींच्या आत बिअर करतात. मठाचा खर्च भागला आणि वरचं दानधर्माला गेलं की त्यांचं काम झालं. बाहेर कितीही लोक मागत असले तरी ते भट्टी वाढवत नाहीत. "खपतंय म्हणून वाढवायचं नाही," महंत माइकवर म्हणाले, "ही गोष्ट आपल्या ओळखीच्या एका तरी दुकानदाराला सांगून बघा."

पहिल्या रांगेत बायका-मुलं बसली होती. अध्यक्ष घसा खाकरू लागले. तेवढ्यात मागून एका उत्साही गृहस्थानं विचारलं, की बाटलीवर मठाचं चित्र असलेली सगळीच बिअर मठातली असते का. महंतांचा चेहरा उजळला. "देवळात शिजलेला प्रसाद वेगळा," ते म्हणाले, "आणि देवळाच्या नावावर बाहेरच्या दुकानात विकतात तो पेढा वेगळा. ट्रॅपिस्ट म्हणजे प्रसाद. बाकीच्या मठाच्या नावाच्या बिअर म्हणजे पेढे. पेढा वाईट असतो असं मी म्हणत नाही, काही पेढे उत्तम असतात. पण आपण पेढा खातोय हे खाणाऱ्याला ठाऊक असावं." इथे माइक बंद करण्यात आला. महंतांनी पुढचं भाषण माइकशिवाय केलं आणि ते जास्त चांगलं ऐकू आलं.

त्यांनी मला नोकरीवर घेतलं तीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. मुलाखतीत इतर साहेबांनी काय विचारायचं ते विचारलं. महंतांनी काहीच विचारलं नाही. माझ्यापुढे पाण्याचे तीन पेले ठेवले आणि म्हणाले, "वास घे." मी एकेक पेला नाकाशी नेला. काही येईना. पुन्हा घेतला, तरी येईना. मला ती नोकरी हवी होती, आणि काहीतरी येतंय असं म्हणणं शहाणपणाचं ठरेल असं सारखं वाटत होतं. शेवटी वैतागून सांगून टाकलं, की तिन्हींना वास नाही.

"नाहीच आहे," ते म्हणाले. "तुझ्याआधीच्या दोघांना क्लोरीन आला."

नाकाशी खोटं बोलायचं नाही, हा त्यांचा एकुलता एक धर्म. एकदा नव्या पाइपातून आलेल्या पाण्याला प्लॅस्टिकचा पुसट वास होता. वरचे एक बडे साहेब कागद फडकावत आले आणि म्हणाले, रीडिंग तर ओके आहे ना? महंत म्हणाले, "रीडिंगला नाक नाही." तो पाइप धुऊन होईपर्यंत त्यांनी सही केली नाही. साहेब चिडले, पण दुसऱ्या दिवशी त्यांच्याच टेबलावरच्या जगमधलं पाणी त्यांनी पिण्याआधी हुंगलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

नोकरी पक्की झाल्यावर महंतांनी मला घरी बोलावलं. मी नाशिकची, द्राक्षांच्या गावची असल्यामुळे पेयपदार्थांतलं आपल्याला कळतं असा माझा समज होता. तिथे गेल्यावर आधी नियम कळले. प्रत्येक मठाचा ग्लास वेगळा. रुंद तोंडाचा, दांडीचा, जाड. तो महंत स्वतः धुणार आणि त्याला साबण लावणार नाहीत. बिअर बर्फासारखी गार चालणार नाही, कारण गार पडलेल्या जिभेला काही कळत नाही. ग्लासला ग्लास भिडवायचे नाहीत. एका बाटलीत दोन माणसं. ज्यानं "चढली" असा शब्द काढला त्याला पुन्हा बोलावणं नाही. आणि पहिला घोट संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही, कारण ज्यांनी ती केली ते ती करताना बोलत नव्हते.

त्यांनी बाटली अशी ओतली की हात एकदाही थांबला नाही, आणि तळाशी बोटभर राहू दिली. "खाली गाळ बसतो," ते म्हणाले. "तो यीस्ट आहे, जिवंत आहे. बाटलीत बसून वर्षानुवर्षं काम करत असतो. म्हणून बाटली कायम उभी ठेवायची आणि त्याला हलवायचं नाही."

मी तयारी करून गेले होते. पहिला घोट झाल्यावर, फोनवर वाचलेलं सगळं ओळीनं म्हणून दाखवलं: कॅरॅमल, ड्राय फ्रूट, स्पायसी फिनिश.

"हे तुझ्या नाकानं सांगितलं की फोननं?" महंतांनी विचारलं. "या घरात इंग्रजी वास चालत नाहीत, नाशिककर. तुझ्या घरातला वास सांग."

मी डोळे मिटले. बराच वेळ नुसतीच बिअर आली. मग हळूच काहीतरी पुढे आलं. "काळ्या मनुका," मी म्हणाले. "भिजत घातलेल्या."

"पुढे."

"काकवी."

महंतांनी ग्लास खाली ठेवला. ते तासगावकडचे. त्यांच्या घरी बेदाण्याची शेड होती आणि आजोळी गुऱ्हाळ. बहारीनला आल्यावर पहिली काही वर्षं त्यांनी कुठल्याच पेयाला हात लावला नव्हता. मग कारखान्यात आलेल्या एका बेल्जियन इंजिनियरनं घरी जेवायला बोलावून ही काळपट तपकिरी, दुब्बेल जातीची बिअर पुढे केली, आणि महंतांनी नको म्हणण्याआधी सवयीनं ती हुंगली. "परक्या माणसाच्या घरात मला माझ्या आजोळचं गुऱ्हाळ भेटलं," ते मला म्हणाले. "चुलवणावरची कढई, फेस, बाजूला वाळलेले बेदाणे. मी रडलो. तो बिचारा घाबरला, त्याला वाटलं यांच्या धर्मात चालत नसेल." हे सांगतानाही त्यांचे डोळे भरले होते, आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

त्यानंतर मी कितीतरी शनिवार तिथे शिकले. त्रिपेल नावाच्या सोनेरी बिअरमध्ये राजेळी केळं आणि कुटलेले धने सापडले. एका काळ्या, जड बिअरमध्ये चिंच-गुळाची आमटी आणि तिच्यावर पडलेली लवंग सापडली. एकदा मी नुसतंच "मस्त आहे" म्हणाले, तर म्हणाले, "मस्त हा वास नव्हे." आता मी स्वतः लोकांना हेच ऐकवते आणि लोकांना माझा राग येतो.

काकू देवगडकडच्या. त्यांनी आयुष्यात थेंब घेतला नाही आणि घ्यायचा त्यांचा विचारही नव्हता. पण बाटलीच्या तळाचा गाळ मात्र त्या वाया जाऊ देत नसत. तो बाल्कनीतल्या कढीपत्त्याला जायचा. इतका तजेलदार कढीपत्ता मी बहारीनमध्ये दुसरा पाहिला नाही. त्याच्या शेजारी कढीपत्त्याची आणखी एक कुंडी होती, जरा किरकोळ. ती होती 'भावाची कुंडी'.

भाऊ म्हणजे इस्माईलभाई. मूळ रत्नागिरीचे, बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीत त्यांचं अत्तर आणि मसाल्यांचं दुकान. काकूंनी पहिल्याच भेटीत त्यांना माहेरचा माणूस म्हणून जाहीर केलं होतं. दर शुक्रवारी संध्याकाळी ते यायचे. त्या दिवशी थंड खोलीला कुलूप असायचं, ग्लास आत जायचे, आणि इस्माईलभाईंच्या आमटीत पडणारा कढीपत्ता गाळ न घातलेल्या कुंडीतून खुडला जायचा. हे त्यांना कुणी मुद्दाम सांगितलं नव्हतं. त्यांनी एकदा दोन कुंड्यांकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, आणि पुढच्या वेळी चमेलीच्या अत्तराची कुपी त्यांच्या हातात ठेवली. महंत आणि ते मग चहा पीत एकमेकांना वास ओळखायला लावायचे. अत्तराचे फाये, दगडफूल, जायपत्री, कुठल्या देशाची वेलची. दोघे कट्टर, दोघे हट्टी. "महंत, तुमचा नाक माज्या दुकानात असता तर मी आज बुरुज बांधला असता," इस्माईलभाई म्हणायचे. महंतांना कुठल्याही बढतीपेक्षा हे वाक्य आवडायचं.

थंड खोलीत सगळ्यात खालच्या फळीवर एक मोठी बाटली होती, बुचाची, तारेनं बांधलेली. ती महंतांनी मठाच्या दारातून स्वतः आणली होती. त्यासाठी नवरा-बायको बेल्जियमला गेले होते. लोक युरोपात जाऊन मनोरे बघतात, यांनी शेतातला एक मठ बघितला. आधी फोन करून वेळ घ्यावी लागली. दारावर एक म्हातारा साधू होता, त्यानं काही न बोलता बाटली हातात दिली. काकू साडीवर स्वेटर आणि पायांत बूट अशा अवतारात उभ्या होत्या; त्यांनी हात जोडले. साधूनंही जोडले. "देवळात पाऊल टाकत नाहीत आणि बिअरसाठी मठात जातात, असलं माझं नशीब," असं काकू मला सांगायच्या, पण पुढे लगेच म्हणायच्या, "त्या माणसाचा चेहरा स्वच्छ होता बाई. मुकाट्यानं काम करणारा. त्यानं केलेली वस्तू वाईट नसणार." बेडरूम बिअरला मिळाली ती या प्रवासानंतर. मोठी बाटली बहारीन सोडायच्या वेळी फोडायची, असं तेव्हाच ठरलं होतं.

मग कोविडची ती मोठी लाट आली आणि महंतांना सलमानियाला दवाखान्यात न्यावं लागलं. काकूंनाही ताप होता, पण सौम्य. त्या घरात एकट्या, अख्खी इमारत क्वारंटाइनमध्ये. नेमका त्याच आठवड्यात थंड खोलीचा एसी बंद पडला. बाहेर जूनचं ऊन. मेकॅनिकला इमारतीत सोडत नव्हते. काकूंना थंडी वाजत होती म्हणून त्यांनी हॉलचा एसीही बंद ठेवलेला. त्यांनी अंथरुणातून उठून थर्मामीटर पाहिला आणि त्यांच्या मनात आलं, नवरा परत येईल तेव्हा त्याला काय तोंड दाखवू?

त्यांनी मला फोन केला असता तर मी काहीतरी सुचवलं असतं. पण देवगडच्या मुलीला नाजूक वस्तू कशी जपायची हे कुणाला विचारावं लागत नाही. इस्माईलभाईंच्या ओळखीनं हापूसच्या पेट्या नुकत्याच येऊन गेल्या होत्या आणि त्यांतला पेंढा बाल्कनीत कुंड्यांसाठी ठेवलेला होता. काकूंनी तापात तो सगळा पेंढा हॉलमधल्या पलंगाखाली पसरला, त्यावर बाटल्या आडव्या निजवल्या, वर पुन्हा पेंढा, पुन्हा बाटल्या, आणि सगळ्यावर गोधडी घातली. मग ऑक्सिजन लावलेल्या नवऱ्याला फोन करून सांगितलं, "काही काळजी करू नका. अढी घातलीय."

महंत नंतर सांगायचे, की त्या क्षणी आपण हसून मरणार की रडून, एवढाच प्रश्न उरला होता. अढीत आंबा ठेवतात तो ऊब धरून पिकायला, आणि यांना तर ऊब नको होती. शिवाय बाटल्या आडव्या! वर्षानुवर्षं बसलेला गाळ उठला. पण फोनवर ते एवढंच म्हणाले, "छान केलंस." ते बरे होऊन घरी आले, एसी दुरुस्त झाला, बाटल्या पुन्हा उभ्या राहिल्या, आणि अढीबद्दल त्यांनी काकूंना एका शब्दानं बोल लावला नाही. तेवढ्यासाठी मी त्यांना दहा व्याख्यानं माफ करायला तयार आहे.

पण ते घरी आले ते नाक दवाखान्यात ठेवून. वास गेला होता. तो तर बऱ्याच जणांचा गेला होता आणि आठवड्या-दोन आठवड्यांत परतलाही होता. महंतांचा परतला नाही. जेवण म्हणजे चावायचं काम झालं. काकूंनी लसणाची फोडणी करून कढई त्यांच्या तोंडापुढे धरली. त्यांना नुसती वाफ लागली. ऑफिसात त्यांनी पहिल्याच दिवशी वरच्यांना सांगितलं, की मला वास येत नाही, पाणी हुंगायचं काम आजपासून ही करेल. कुणालाही कळलं नसतं. मी तसं म्हणालेही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

थंड खोलीबद्दल त्यांनी नेम केला: नाक परत येईपर्यंत एकही बाटली उघडायची नाही. रोज दार उघडायचे, थर्मामीटर पाहायचे, दार लावायचे. मला त्या माणसाकडे पाहवत नसे. आम्ही शनिवारी चहा पीत बसायचो आणि ते मला विचारायचे, "चहात आलं आहे का गं?" इतक्या साध्या प्रश्नानं इतकं वाईट वाटू शकतं हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, की रोज ठरावीक वास घ्यायचे, नाकाला पुन्हा शिकवायचं. हे काम इस्माईलभाईंनी अंगावर घेतलं. दुकान उघडण्याआधी ते रोज जिदहफ्सला यायचे, टेबलावर गुलाब, लवंग, लिंबू आणि निलगिरीच्या कुप्या मांडायचे, आणि एकेक फाया महंतांच्या नाकाखाली धरायचे.

"काय येतंय?"

"मफी," महंत म्हणायचे, म्हणजे इथल्या अरबीत 'काही नाही'.

"आज नाय तर उद्या येल. यल्ला, दुसरा घ्या."

"मफी."

हे रोज चाललं. उन्हाळा गेला, हिवाळा आला. इस्माईलभाईंनी गुलाब बदलून पाहिला, सौदीतल्या तायफचा आणला, आपल्याकडचा आणला. उत्तर तेच. आणि मग महंतांच्या निवृत्तीची वेळ आली. नोकरी संपली की व्हिसा संपतो. इथे वाट बघत बसायची सोय नाही. तासगावला परत जायचं ठरलं. मला एकदाच म्हणाले, "बेदाण्याच्या शेडमध्ये जाऊन उभा राहीन आणि काही येणार नाही. त्या गावाला जाऊन मी करू काय?" ते घाबरले होते. त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहत होते.

त्यानंतर दोन दिवसांनी त्यांनी निर्णय सांगितला. मोठी बाटली ठरल्याप्रमाणे फोडायची. "माझं नाक नाही तर तुझं. तू सांगशील ते मी पिईन. एवढं शिकवलंय तुला."

शनिवारी दुपारी मी गेले. घरभर पुठ्ठ्याची खोकी. काकू स्वयंपाकघराच्या दारात बसून ताटं वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. महंतांनी ग्लास धुतले, पुसले, मांडले. तारेचा पीळ सोडवला. बूच निघालं, पण आवाज झाला नाही, नुसतं सुटून आलं. ओतताना फेस आला आणि लगेच बसला. हे त्यांनी पाहिलं आणि मीही पाहिलं. पण पहिल्या घोटापर्यंत बोलायचं नाही, हा नियम होता. त्यांनी स्वतःचा ग्लास नाकापर्यंत नेला, थोडा वेळ तसाच धरला, आणि खाली ठेवला. मग मी माझा उचलला, हुंगला आणि घोट घेतला.

 मनुका नाही, काकवी नाही, लवंग नाही. भिजलेला पुठ्ठा, बाकी काही नाही. उष्णतेत राहिलेल्या बिअरला असा वास येतो हे महंतांनीच मला सांगितलं होतं. प्रत्यक्ष तो मी पहिल्यांदाच घेत होते. म्हणजे हे अढीत झालं होतं. मी मान वर केली तर काकू हातातलं ताट तसंच धरून माझ्याकडे पाहत होत्या. त्यांना विचारायची गरज नव्हती, माझ्या तोंडावर काय असेल ते त्या वाचत होत्या.

खोटं बोलणं किती सोपं होतं! मनुका म्हणायचं, काकवी म्हणायचं, आजोळचं गुऱ्हाळ आहे सर म्हणायचं. ते समाधानानं प्यायले असते, काकूंच्या जिवावरचं ओझं उतरलं असतं, आणि दोघं सुखानं विमानात बसली असती. कुणाचं काय बिघडणार होतं? माझ्या ओठांवर शब्द आलेही होते.

"बोल, नाशिककर," महंत म्हणाले. त्यांचा आवाज मुलाखतीतल्यासारखा होता.

"भिजलेला पुठ्ठा," मी म्हणाले.

काकूंनी ताट खाली ठेवलं. "माझ्यामुळे," त्या म्हणाल्या.

महंतांनी डोळे मिटून ग्लास पुन्हा नाकाशी नेला. मग टेबलावर इतक्या जोरात हात आपटला की बिअर सांडली. "पुठ्ठाच! अगं, पुठ्ठा येतोय मला! पुठ्ठा!"

आम्हाला काही कळेना. ते उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. "बूच काढलं तेव्हाच आला," ते मला म्हणाले. "मला वाटलं भास आहे. इतके महिने डोकं काय काय खेळ करतंय. म्हणून गप्प बसलो, म्हटलं ही काय सांगते बघू. तू मनुका म्हणाली असतीस ना, तर मी धरून चाललो असतो की माझं नाक आता कायमचं गेलं." आणि हे बोलताना ते सरळ रडू लागले. मीही रडले. 

काकू मात्र पदरानं डोळे पुसून आधी व्यवहाराचं बोलल्या. "अहो, घरभर खोकीच आहेत. त्यांचा येत असेल."

महंतांनी जवळचं एक खोकं उचललं आणि त्यात डोकं घातलं. आतून आवाज आला, "हा कोरडा आहे. तो ओला होता." मग त्यांनी दुसऱ्या खोक्यात डोकं घातलं, तिसऱ्यात घातलं, आणि निवृत्त झालेला एक प्रमुख रसायनतज्ज्ञ त्या हॉलमध्ये खोकी हुंगत फिरू लागला. मग त्यांनी इस्माईलभाईंना फोन लावला.

"भाई, पुठ्ठा आला."

"काय आला?"

"वास! पुठ्ठ्याचा वास आला मला."

 "अलहमदुलिल्लाह," इस्माईलभाई म्हणाले. आणि लगेच, "मी तायफचा गुलाब आनला, लवंग आनली, आनि तुमाला आला तो काय, तर पुठ्ठा!"

"उद्या पुन्हा लवंग आण."

"इंशाल्ला. पुठ्ठा आला म्हंजे लवंग काय लांब नाय." पुठ्ठा कशाचा, हे त्यांनी विचारलं नाही.

मी मोठी बाटली उचलून मोरीकडे निघाले होते. महंतांनी ती माझ्या हातातून काढून घेतली, आपला ग्लास भरला, आणि नियमाप्रमाणे गप्प बसून ती नासलेली बिअर शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. इतक्या आनंदानं काही पिणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. तळाशी बोटभर मात्र त्यांनी राहू दिली, कढीपत्त्यासाठी.

तेवढ्यात काकू उठल्या आणि थंड खोलीत गेल्या. त्या खोलीत त्या झाडू मारायला जात, पण बाटलीला हात त्यांनी अढीच्या त्या दिवसानंतर लावला नव्हता. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात लाल लेबलाची एक लहान बाटली होती, दोन्ही हातांनी धरलेली, अगदी उभी, जराही न हलवता. ती त्यांनी नवऱ्यापुढे ठेवली.

"ही अढीत सगळ्यात खाली होती, गार फरशीच्या जवळ," त्या म्हणाल्या. "अढीतले तळाचे आंबे बहुतेक चांगले निघतात. उघडा."